उपजिल्हा रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया सुरू करायच्या आहेत : सुरुवात नेमकी कुठून करावी?

प्रश्न : शल्यचिकित्सक, मराठवाडा

सर्वांना नमस्कार. मी मराठवाड्यातील एका शंभर खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सक आहे. आठ महिन्यांपूर्वी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून आमच्याकडे लॅपरोस्कोपीचा, म्हणजे पोटात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करण्याचा, संपूर्ण संच आला : कॅमेरा, मॉनिटर, प्रकाशस्रोत, इन्सफ्लेटर (पोटात वायू भरण्याचे यंत्र), दोन दुर्बिणी आणि हत्यारांचे दोन ट्रे. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद झाली, पुरवठादाराच्या माणसाने तासाभराचे प्रात्यक्षिक दाखवले, छायाचित्रे निघाली, आणि तेव्हापासून तो संच प्लॅस्टिकच्या आवरणासकट थिएटरच्या कोपऱ्यात उभा आहे.

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मी पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांना पुष्कळदा मदतीला उभा राहिलो आणि कॅमेराही धरला. पण वरिष्ठांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने पूर्ण केलेल्या शस्त्रक्रिया अकराच आहेत, आणि त्यालाही आता पाच वर्षे होत आली. आमचे भूलतज्ज्ञ मानधनावर आठवड्यातून तीन दिवस येतात आणि त्यांचा बहुतेक वेळ सिझेरियनमध्ये जातो. थिएटरमधील दोन्ही परिचारिका अनुभवी आहेत, परंतु त्यांनी दुर्बीण पाहिली आहे ती फक्त कुटुंब नियोजनाच्या ‘बिनटाक्याच्या’, म्हणजे दुर्बिणीने नसबंदी करण्याच्या, शिबिरात. अशा स्थितीत ‘संच पडून का आहे, महिन्याला किमान वीस शस्त्रक्रिया दाखवा’ अशी तोंडी सूचना वरून आली आहे.

हा प्रश्न लिहायला बसलो त्याचे कारण मात्र ती सूचना नव्हे. गेल्या महिन्यात पित्ताशयात खडे असलेली, कापूस वेचणीला जाणारी अडतीस वर्षांची एक बाई आली. तिने विचारले, ‘डॉक्टर, दुर्बिणीचं होईल का? वेचणीच्या आत मला उभं राहायचंय.’ मी तिची शस्त्रक्रिया बरगडीखाली छेद घेऊन केली. ती व्यवस्थित झाली, जखमही भरली; पण ओझे उचलू नकोस, वाकून काम करू नकोस असे सांगून मी तिला घरी पाठवले तेव्हा वेचणी सुरू होऊन आठवडा झाला होता आणि संच माझ्यापासून दहा फुटांवर उभा होता.

म्हणून विचारतो. पहिली शस्त्रक्रिया कोणती निवडावी? शिकण्यासाठी मी कुठे जावे, की कोणाला इकडे बोलवावे? आणि मुळात जिथे सिझेरियन, अपघात आणि सर्पदंश यांनाच माणसे अपुरी पडतात, तिथे सरकारी सेवेने या कामात वेळ घालावा का?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, शल्यचिकित्सा

आपण ‘अकरा’ हा आकडा प्रामाणिकपणे लिहिलात, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करतो. अमेरिकेत ही शस्त्रक्रिया नवी असताना, १९९१ साली, सदर्न सर्जन्स क्लब या शल्यचिकित्सकांच्या गटाने १,५१८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. प्रत्येक चमूच्या पहिल्या १३ रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण २.२ टक्के होते आणि त्यानंतरच्या रुग्णांत ते ०.१ टक्क्यावर आले. त्या वेळी शिकवणारेही नवखे होते, त्यामुळे तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही त्यातला धडा कायम आहे : शिकण्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि ती रुग्णाला मोजावी लागू नये म्हणून पहिल्या रुग्णांच्या वेळी शेजारी जाणता माणूस उभा असावा लागतो. पित्तनलिका कापली गेलेल्या रुग्णाचे पुढे काय होते ते मी वॉर्डात पाहिले आहे. कावीळ, पोटात साचलेले पित्त, दुसरी मोठी शस्त्रक्रिया आणि वर्षानुवर्षांच्या फेऱ्या असे ते दुखणे असते, आणि उपजिल्हा रुग्णालयात त्यावर काही करता येत नाही.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही खासगी रुग्णालयांची चैन असून ती तिथून सरकारी रुग्णालयांत झिरपली, असा समज सर्रास आढळतो. आपल्याकडे घडले ते उलट. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ३१ मे १९९० रोजी केली, आणि ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी रुग्णालयात. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी जगातली पहिली अशी शस्त्रक्रिया १९८५ च्या सप्टेंबरात केली होती. म्हणजे मधले अंतर पाच वर्षांहूनही कमी होते. त्यातही डॉ. उडवाडिया यांनी १९७२ पासूनच पोटातल्या रोगांच्या निदानासाठी दुर्बीण हाती घेतली होती, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पित्ताशयाला हात घालण्यापूर्वी अठरा वर्षे ते दुर्बिणीतून पोट पाहत होते.

तोच क्रम आपण लहान प्रमाणावर ठेवावा. पहिले काही महिने फक्त निदानासाठी दुर्बीण घाला. कारण न कळलेले पोटातले पाणी, क्षयाची शंका, तरुण स्त्रीच्या पोटात उजवीकडे खाली दुखणे आणि ते आंत्रपुच्छाचे (अपेंडिक्सचे) की बीजांडाचे हे न ठरणे, असे रुग्ण तुमच्याकडे दर आठवड्याला येत असतील. त्यात काही कापायचे नसते. पोटात शिरणे, नीट पाहणे, हवे तर एक तुकडा तपासणीला घेणे आणि बाहेर येणे एवढेच असते. पण तेवढ्यात तुमचा हात पडद्याकडे पाहून चालायला शिकतो, परिचारिकेला हत्यारांची नावे पाठ होतात आणि भूलतज्ज्ञांना पोटात वायू भरल्यावर रुग्ण कसा वागतो ते कळते. त्यानंतर साधे, न फुटलेले आंत्रपुच्छ घ्या. पित्ताशय सर्वांत शेवटी, आणि तेही निवडून : दोन महिन्यांत तीव्र दुखण्याचा झटका न आलेले, कावीळ न झालेले, सोनोग्राफीत भिंत पातळ असलेले.

पोटात पहिला शिरकाव बेंबीपाशी छोटा छेद घेऊन, डोळ्यांनी पाहत, हॅसन यांच्या पद्धतीने करावा असे मी सांगेन. पोटात वायू भरण्याची वेरेसची सुई उत्तम आहे, पण ती आंधळी जाते, आणि तुमच्याकडे रक्तवाहिनीला इजा झाली तर सांभाळायला दुसरा शल्यचिकित्सक नाही.

पित्ताशयाच्या बाबतीत एक नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना कधीच शिथिल करू दिला नाही. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेले सुरक्षित दृश्य पूर्ण दिसल्याखेरीज कात्री लावायची नाही. पित्ताशयाच्या मानेजवळच्या त्रिकोणातली चरबी आणि पडदे संपूर्ण साफ झालेले, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, म्हणजे त्याची नळी आणि रक्तवाहिनी, दिसत असलेल्या. हे दृश्य मिळाले की तिथे थांबून परिचारिकेला मोठ्याने विचारावे, ‘तुम्हाला किती दिसतात?’ तिने दोन म्हटले तर पुढे जावे. हे ऐकायला पोरकट वाटेल, पण दमलेला डोळा जे पाहायचे आहे तेच पाहतो, आणि दुसऱ्या माणसाचा डोळा त्या क्षणी फार उपयोगी पडतो. अर्ध्या तासात काम पुढे सरकले नाही तर पोट उघडावे. उघडून शस्त्रक्रिया करण्यात तुमचा हात बसलेला आहे, आणि सरकारी सेवेतल्या शल्यचिकित्सकाची ही मोठी जमेची बाजू आहे. आज मोठ्या शहरांत शिकून येणाऱ्या कित्येक तरुणांकडे ती उरलेली नाही.

शिकायला एकटे जाऊ नका. आपल्या राज्यात जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. या दोन विभागांमधली भिंत कागदावर दिसते त्यापेक्षा जाड आहे. पण जिल्हा शल्य चिकित्सकांनी अधिष्ठात्यांना रीतसर पत्र दिले तर वाट निघते, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. तुम्ही, एक परिचारिका आणि थिएटरचा एक कर्मचारी असे तिघे मिळून पंधरा दिवस महाविद्यालयात जा, आणि त्यानंतर तिथला एक अनुभवी शल्यचिकित्सक महिन्यातून दोन दिवस तुमच्या थिएटरमध्ये येऊ द्या. पदव्युत्तर विद्यार्थी आता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत येतात. त्यांतला शल्यचिकित्सेचा एखादा विद्यार्थी कॅमेरा धरायला मिळाला तर मागून घ्या.

उत्तर २ : थिएटर इन्चार्ज सिस्टर, जिल्हा रुग्णालय

सरांनी सर्व सांगितले, पण हत्यारे धुणार कोण हे राहिले. मी सव्वीस वर्षे थिएटरमध्ये आहे, त्यांपैकी अकरा वर्षे दुर्बिणीच्या कामात. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पूर्वी मी ज्या रुग्णालयात होते तिथे दुर्बिणीचे काम सुरू झाल्यावर पहिले तीन महिने सगळे उत्तम चालले. मग एकेक रुग्ण परत येऊ लागले. शस्त्रक्रियेला तीन-चार आठवडे झालेले, टाके कधीच निघालेले, आणि बेंबीच्या छेदाशी हरभऱ्याएवढी गाठ. दाबले की पाण्यासारखा पातळ पू येई. ताप नाही, फारसे दुखणे नाही, पण जखम काही केल्या भरेना. नेहमीची प्रतिजैविके देऊन झाली. शेवटी वैद्यकीय महाविद्यालयात नमुना पाठवल्यावर कळले की ते क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, पाण्यात आणि मातीत राहणारे जंतू आहेत. त्या रुग्णांना कित्येक महिने औषधे घ्यावी लागली, काहींची जखम पुन्हा उघडून कापावी लागली.

चूक आमचीच होती, आणि ती अगदी साधी होती. एका दिवशी पाच रुग्ण आणि हत्यारांचा ट्रे एकच. त्यामुळे दोन रुग्णांच्या मध्ये हत्यारे ग्लुटारल्डिहाइडच्या जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटे बुडवायची आणि मग काढून नळाच्या पाण्याने खळबळायची. वीस मिनिटांत निर्जंतुकीकरण होत नाही. त्या द्रावणात पूर्ण निर्जंतुकीकरणाला आठ ते दहा तास लागतात. त्यातून जे काही मेले ते आम्ही नळाच्या पाण्याने पुन्हा आणून बसवत होतो. शिवाय हत्यारे पूर्ण सुटी न करताच बुडवली जात. ग्रास्परची (पकडण्याच्या चिमट्याची) दांडी तिच्या नळीतून ओढून काढली तेव्हा आतून काळपट, चिकट रक्ताची वातच्या वात बाहेर आली. ते पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून आमची रीत ठरली, ती तुमच्या सिस्टरना जशीच्या तशी द्या. वापर संपताच हत्यार सुटे करायचे, सांध्यांत आणि नळीत ब्रश घालून धुवायचे, दाबाच्या पाण्याने आतून धार मारायची, पूर्ण कोरडे करायचे आणि मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुकीकरण. धातूची जवळजवळ सगळी हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये टिकतात. दुर्बिणीवर ‘ऑटोक्लेव्हेबल’ असे कोरलेले आहे का ते पाहा, असेल तर तीही घाला. जे घालता येत नाही त्याला रात्रभर द्रावणात ठेवायचे आणि सकाळी फक्त निर्जंतुक पाण्याने, दोनदा पाणी बदलून, धुवायचे. द्रावण कधी सुरू केले ती तारीख भांड्यावर लिहायची. आणि याचा हिशेब सरळ आहे : जेवढे ट्रे, तेवढेच त्या दिवशीचे रुग्ण. तुमच्याकडे दोन ट्रे आहेत, म्हणजे दिवसाला दोन रुग्ण. तिसरा रुग्ण घ्यायचा असेल तर तिसरा ट्रे मागवावा.

महिन्याला वीस या सूचनेबद्दल मला काळजी वाटते. मी ‘बिनटाक्याची’ शिबिरे पाहिली आहेत. दुर्बीण आपल्या सरकारी व्यवस्थेत नवी नाही. ती चाळीसहून अधिक वर्षे कुटुंब नियोजनात आहे, पण ती आली ती आकड्यांबरोबर. एका चमूने दिवसाला तीसपेक्षा जास्त दुर्बिणीच्या नसबंदी शस्त्रक्रिया करू नयेत आणि त्याही तीन दुर्बिणी असतील तरच, म्हणजे एका दुर्बिणीला दहा, असा शासनाचाच नियम आहे. तरीही २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या आणि त्यांतल्या १३ जणी दगावल्या. दोष औषधांचा की जंतुसंसर्गाचा यावर पुढे बराच वाद झाला, पण इतक्या बायकांमध्ये हत्यारे धुवायला वेळ कुठून मिळाला असेल, हा प्रश्न कोणत्याही सिस्टरला पडल्यावाचून राहणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. तेव्हा वरिष्ठांना आकडा द्यायचाच असेल तर ट्रेच्या हिशेबाने द्या, आणि लेखी द्या.

उत्तर ३ : भूलतज्ज्ञ, पश्चिम महाराष्ट्र

माझे म्हणणे थोडक्यात. कॅपनोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, नसेल तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरू नका. तो वायू रक्तात मिसळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो; तो किती साचतो आहे हे पल्स ऑक्सिमीटर सांगत नाही, आणि सांगू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. संच खरेदी करताना मॉनिटर चोवीस इंची घेतला जातो आणि कॅपनोग्राफ यादीतून गळतो, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. तुमच्या भूलयंत्रावर तो आहे का ते आधी पाहावे.

पोटातल्या वायूचा दाब पाऱ्याच्या १२ मिलिमीटरच्या वर नेऊ नका, सुरुवातीला तर दहावरच ठेवा, आणि वायू हळू भरा. पोट झटक्यात फुगवले की नाडी एकदम मंदावते. क्वचित हृदय थांबतेही. असे झाले तर पहिला उपाय वायू सोडून देणे हा आहे, आणि तो शल्यचिकित्सकाच्या हातात असतो, त्यामुळे भूलतज्ज्ञाने ‘सोडा’ म्हटल्यावर कारण विचारत बसू नये. पहिल्या पन्नास रुग्णांत हृदयविकार, जुनाट दमा आणि फार स्थूलपणा असलेले रुग्ण घेऊ नका.

पाठीत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भुलेखाली, दुर्बिणीने पित्ताशय काढता येते. झाशीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून हजारो रुग्णांचा असा अनुभव प्रसिद्ध झाला आहे. पण नव्या चमूने तिथून सुरुवात करू नये. जागा रुग्ण, खांद्यात उठणारी कळ आणि घाबरलेला शल्यचिकित्सक हे तिन्ही एकत्र सांभाळणे अवघड जाते.

आणखी एक विनंती. मानधनावर येणाऱ्या भूलतज्ज्ञाला आठवड्यातला एक ठरलेला दिवस द्या, ज्या दिवशी सिझेरियनसाठी दुसरा माणूस हजर असेल. अर्धे पित्ताशय सुटलेले असताना लेबर रूममधून बोलावणे आले तर कोणाकडे जायचे, हा प्रसंग माझ्यावर आला आहे, आणि तो मी कोणावरही येऊ देणार नाही.

उत्तर ४ : ग्रामीण शल्यचिकित्सक, खानदेश

वरील तिन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तरीही एक वेगळा मुद्दा मांडतो, कारण नवे यंत्र आले की सगळ्याच शस्त्रक्रिया त्यातून करून पाहाव्यात असा मोह होतो.

हर्निया त्यातून करू नका. उपजिल्हा रुग्णालयात येणारा बहुतेक हर्निया हा हमाली करणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या पुरुषाचा, एका बाजूचा आणि पहिल्यांदाच झालेला असतो. तो जागेवरच्या भुलेखाली, दोन-अडीच इंचांच्या छेदातून, जाळी लावून उत्तम दुरुस्त होतो, आणि रुग्ण संध्याकाळी चालत घरी जातो. आमच्याच भागात, धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा येथे, डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले आणि त्याचा अनुभव २००३ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे भारताबाहेरच्या गरीब देशांतही ती पद्धत गेली. खर्च वाचवूनही रुग्णाला तेच सुख देता येत असेल तर तिथे दुर्बिणीचा अट्टहास कशाला? दोन्ही बाजूंचा किंवा पुन्हा उद्भवलेला हर्निया हा अपवाद, आणि तोही बऱ्याच वर्षांनी.

दुसरा मुद्दा वायूचा. आमच्याकडे पावसाळ्यात रस्ता तुटला की सिलिंडर येत नाही. भारतातल्या काही ग्रामीण शल्यचिकित्सकांनी वायूविना लॅपरोस्कोपीची पद्धत वापरात आणली आहे. त्यात पोटाची भिंत आतून एका कडीने धरून वर उचलतात, त्यामुळे पोटात जागा होते आणि वायू भरावा लागत नाही. स्पायनल भूल पुरते आणि इन्सफ्लेटर लागत नाही. ईशान्य भारतात या पद्धतीने बरेच काम झाले असून इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाने इथल्या शल्यचिकित्सकांबरोबर तिच्यासाठी खास उपकरण विकसित केले. जागा जरा कमी मिळते आणि स्थूल रुग्णात अडचण होते, पण बीजांडाची गाठ, नळीतला गर्भ आणि आंत्रपुच्छ यांना ती पुरते. प्रश्नकर्त्यांकडे इन्सफ्लेटर आहे, त्यामुळे त्यांना लगेच गरज नाही. पण हा धागा वाचणाऱ्या तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिची माहिती जरूर घ्यावी.

आणि एक व्यवहाराची गोष्ट : हमीचा काळ आठ महिने आधीच वापराविना गेला आहे. उद्याच संच सुरू करून पाहा. प्रकाशाची केबल एका टोकाने खिडकीकडे धरून दुसऱ्या टोकाला काळे ठिपके मोजा. प्रत्येक ठिपका म्हणजे तुटलेला तंतू. चिमट्यांच्या दांडीवरचे आवरण नखाने तपासा. तिथे बारीक चीर असेल तर विद्युतप्रवाह आतड्याला भाजतो आणि ते चौथ्या दिवशी कळते. त्रुटी निघाल्या तर हमी असतानाच लेखी कळवा आणि पुढच्या वार्षिक देखभाल कराराचे पत्र आजच वर पाठवा.

उत्तर ५ : रुग्णाचा मुलगा, बीड जिल्हा

मी डॉक्टर नाही. माझ्या आईचे पित्ताशय दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीने काढले, म्हणून लिहावेसे वाटले. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ‘इथे ते होत नाही’ असे सांगितले गेले. योजनेच्या कार्डावर होईल असे कळले होते, पण कागदपत्रे जुळेपर्यंत आईला दुसऱ्यांदा कळ आली, आणि आम्ही थांबलो नाही. दोन शेळ्या आणि आईचे डोरले त्यात गेले. आई दहाव्या दिवशी उसाच्या फडावर परत गेली, हेही खरे.

आपल्या चर्चेत मला एक सांगायचे आहे. शस्त्रक्रियेआधी आम्हाला एकच वाक्य सांगितले गेले : ‘तीन भोकं पाडून होईल.’ शेजारच्या खाटेवरच्या बाईचे मात्र पोट उघडावे लागले, आणि तिच्या घरच्यांनी डॉक्टरांनी फसवले म्हणून गोंधळ घातला. त्यांना आधी कोणी सांगितलेच नव्हते की असे होऊ शकते. संमतीपत्र इंग्रजीत होते. तुमच्या रुग्णालयात आपल्या बोलीत, तोंडी, घरच्या दोघांसमोर सांगा की दुर्बिणीने सुरू करू आणि गरज पडली तर मोठा छेद घेऊ, आणि तो घेतला तर ते तुमच्या भल्यासाठीच असेल. गरीब माणूस ऐकून घेतो, पण त्याला आधी सांगावे लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या दहा दिवसांत जे झाले ते कळवतो. संच सुरू करून पाहिला. एक प्रकाशकेबल निम्मी काळी निघाली आणि दोन चिमट्यांचे आवरण चिरलेले होते. तिन्हींबद्दल पुरवठादाराला हमीखाली लेखी कळवले आहे. कॅपनोग्राफ आमच्या भूलयंत्रावर नाही. त्यासाठी रुग्ण कल्याण समितीपुढे प्रस्ताव ठेवला असून तो येईपर्यंत एकही शस्त्रक्रिया करणार नाही असे वैद्यकीय अधीक्षकांना सांगितले, आणि त्यांनी ते मान्य केले. महिन्याला वीस या सूचनेवर सिस्टरांनी दिलेला ट्रेचा हिशेब लेखी पाठवला : आठवड्यातला एक दिवस, दोन ट्रे, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त आठ. अजून उत्तर आलेले नाही. जिल्हा शल्य चिकित्सकांनी अधिष्ठात्यांना पत्र दिले आहे आणि आम्हा तिघांना पुढच्या महिन्यात पंधरा दिवसांसाठी जाता येईल असे दिसते. त्या काळात शेजारच्या तालुक्यातील सहकारी माझी आपत्कालीन ड्यूटी पाहतील.

संमतीपत्र मराठीत लिहून घेतले. पहिला मसुदा मीच लिहिला होता. आमच्या आयाबाईंना वाचून दाखवला तेव्हा त्यांना ‘रूपांतरण’ हा शब्द कळला नाही, म्हणून तिथे ‘पोट उघडावे लागेल’ असे घातले.

एक शंका उरली आहे. सिस्टर, हत्यारे पूर्ण कोरडी करायची असे आपण लिहिले आहे. नळीच्या आतला ओलावा आमच्याकडे जात नाही, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. आपण काय करता?

थिएटर इन्चार्ज सिस्टर, जिल्हा रुग्णालय

आम्ही नळीत आधी दाबाची हवा मारतो, मग मोठ्या सिरिंजने स्पिरिट आत सोडून पुन्हा हवा मारतो, आणि सुटे भाग उभ्या जाळीवर तोंड खाली करून तासभर ठेवतो. नंतर पांढऱ्या गॉजचा तुकडा तारेने नळीतून ओढून पाहायचा. तो कोरडा आणि स्वच्छ निघाला तरच पॅक करायचे. तो तुकडा टाकू नका, पहिले दोन महिने पाकिटात घालून त्यावर हत्याराचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. कोणत्या हत्यारात घाण राहते ते आठवडाभरात कळते. आमच्याकडे ते कायम दहा मिलिमीटरचे क्लिप अॅप्लिकेटर आणि सक्शनची नळी हेच असत. महाविद्यालयात जाताना आपल्या सिस्टरना माझ्याकडून एवढे सांगा की थिएटरपेक्षा धुण्याच्या खोलीत जास्त वेळ उभे राहावे.